पाहुण्याचं पाणी

साहेबांनी रिकामा ग्लास ताटलीत ठेवला, रुमालानं मिशी टिपली आणि म्हणाले, "पाणी तर गोड आहे तुमचं. मग तक्रार कशाची?"

शाळा व्यवस्थापन समितीचे सगळे सदस्य वर्गात सतरंजीवर बसले होते. या एका भेटीसाठी मी त्यांना पावसाळाभर तयार केलं होतं. ठराव बिनचूक झाला होता. अर्जाची प्रत साहेबांच्या हातात होती. कोणी काय बोलायचं ते ठरलं होतं आणि ते तसंच बोललेही होते. पण साहेबांचं ते वाक्य आमच्या तयारीत नव्हतं, आणि ग्लासातलं पाणी खरंच गोड होतं.

मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते. आमच्या कामात एक नियम आहे. बैठकीत प्रशिक्षकानं बोलायचं नाही, पालकांनी बोलायचं. हा नियम मीच गावोगाव सांगते. त्या दिवशी तो पाळणं मला जड गेलं.

गावात नळाला गोडं पाणी आहे, प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आहे, असं म्हणून साहेब उठले. चहा झकास होता म्हणाले आणि गाडीत बसून अकोल्याला गेले.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण लोक मला शिक्षिका समजतात. मी मुलांना शिकवत नाही, त्यांच्या आईबापांना शिकवते. प्रत्येक सरकारी शाळेत कायद्यानं एक समिती असते. तिच्यात बहुतेक पालक असतात आणि निम्म्या तरी बाया असाव्या लागतात. शाळेत काय कमी आहे ते पाहायचं, ठराव करायचा आणि तो वरपर्यंत न्यायचा, हा त्यांचा हक्क आहे. पुष्कळ गावांत मात्र रजिस्टर घरोघरी फिरतं, बाया चुलीपुढे बसून सही करतात, की झाली बैठक. त्या सहीवाल्या बाईला बोलतं करायचं, हे माझं काम. आपल्या लेकराचं गाऱ्हाणं हे शाळेतल्या सगळ्या लेकरांचं गाऱ्हाणं असतं, हे तिला पटवायचं. मग ते कोणत्या टेबलावर न्यायचं ते दाखवायचं. आमच्या संस्थेत याला 'पालक नेतृत्व' म्हणतात. मी याला सौदा म्हणते.

सौदा मला कळतो. अमरावतीत मी साड्यांचं गाठोडं घेऊन दारोदार फिरले आहे. दुकान नव्हतं, भांडवल नव्हतं, पाठीशी कोणी उभं नव्हतं. पहिला भाव आपण सांगायचा नाही, हे मी रस्त्यावर शिकले. गिऱ्हाईक "बघू" म्हणालं तर गाठोडं बांधायचं नाही, हेही तिथंच शिकले. पालकांना मी तेच सांगते. साहेब "बघू" म्हणाले तर उठू नका, "कधी बघता?" विचारा. अर्ज दिला तर आपल्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का घ्या, त्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आणि काय पाहिजे ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण दुसऱ्या वाक्याला साहेबांचा फोन वाजतो.

हे सगळं आमच्या संस्थेच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. पुण्याच्या ऑफिसातून अनिकेत नावाचा एक डिग्रीवाला मुलगा आला, माझ्यासोबत चार गावं फिरला आणि परत जाऊन त्यानं ती लिहिली. मुखपृष्ठावर त्याचं नाव आहे. शेवटच्या पानावर 'क्षेत्रीय सहकाऱ्यांचे आभार' मानले आहेत. त्या सहकाऱ्यांत मी कुठेतरी आहे. अनिकेत आता माझा वरिष्ठ आहे. हे इथं सांगायचं काही कारण नव्हतं, पण सांगितलं.

आता गाव. बाळापूर तालुक्यातलं, काळ्या जमिनीचं. शाळा नाल्यापलीकडे, थोडी उंचावर. हा भाग खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लांबून पाइपानं येणारं गोडं पाणी गावातल्या नळाला येतं, पण रोज नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाया शेतावर जात नाहीत. शाळेपर्यंत तो पाइप गेलेलाच नव्हता. शाळेच्या टाकीत बोअरचं पाणी. ज्या पोरांच्या घरी गोडं पाणी शिल्लक असेल ती बाटली आणायची. बाकीची दिवसभर तहान मारून बसायची.

समितीची अध्यक्ष होती शोभाताई. घरची थोडी शेती, स्वतः शिवणकाम करते. तिची मुलगी गायत्री चौथीत. गायत्री शाळेत पाणीच प्यायची नाही. तिचं पोट दुखायला लागलं, लघवीला जळजळ व्हायला लागली. दोनदा दवाखाना झाला. डॉक्टरांनी मुतखड्याची सुरुवात सांगितली आणि पोरीला भरपूर पाणी पाजा म्हणाले. शोभाताईनं मला स्पष्ट सांगितलं होतं: दिवाळीपर्यंत शाळेत गोडं पाणी आलं नाही तर ती गायत्रीला धामणगाव रेल्वेला मामाकडे ठेवणार. मामानं तिथल्या शाळेत विचारूनही ठेवलं होतं. एकुलती एक पोर. ती गेली तर शोभाताई अध्यक्ष राहणार नाही आणि ती बसली की बाकीच्या बाया बसणार, हे मलाही दिसत होतं.

दिवाळीला दुसरंही एक कारण होतं. तालुक्यातल्या शाळांना गोड्या पाण्याची जोडणी द्यायचं काम निघालं होतं. कोणत्या शाळा घ्यायच्या ते पाणीपुरवठ्याचे उपअभियंता ठरवणार होते. नावं दिवाळीआधी जायची होती. राहिलेल्या शाळा पुढच्या खेपेला, आणि पुढची खेप कधी ते कोणी सांगत नव्हतं. गावात गोडं पाणी पोचलं म्हणजे शाळेतही पोचलं, असं साहेबांचे कागद म्हणत होते. म्हणूनच त्यांना प्रत्यक्ष बोलावलं होतं.

त्यासाठी आम्ही तालीम केली होती. तालीम म्हणजे मी साहेब होते आणि पालक मला भेटायला येतात. मी खुर्चीवर बसते, मोबाइल पाहते, चष्म्यावरून बघते, उगाच खेकसते. पहिल्या दिवशी सलीमभाई आला. तो समितीचा सदस्य, गावात सायकल आणि मोटरपंप दुरुस्त करतो. त्यानं आधी सलाम केला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, पाऊसपाण्याचं विचारलं, आमच्या गावात आले म्हणून मेहरबानी म्हणाला. मी घड्याळ पाहिलं आणि "पुढचा माणूस पाठवा," असं ओरडले. सलीमभाई म्हणाला, "ताई, साहेब बी इतका खवीस नसते." सगळे हसले. पण हळूहळू जमलं. शोभाताई तर इतकी तयार झाली की मी कितीही खेकसले तरी तिचा आवाज हलत नव्हता.

ती प्रत्येक वेळी एक गोष्ट मात्र आधी करायची. मी साहेब होऊन बसले की माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवायची. मी ते पाणी प्यायचे आणि तालीम सुरू करायचे. माणुसकीची बाई, इतकंच माझ्या मनात यायचं.

साहेबांची गाडी गेल्यावर मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. थोडक्यात असं, की पावसाळाभराची मेहनत एका ग्लासात बुडवली, हे मी शोभाताईला सगळ्यांदेखत सुनावलं. ते पाणी तिनं स्वतः घरून आणलं होतं. गावात नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते. घरात उरलेला शेवटचा हंडा तिनं साहेबांसाठी शाळेत आणला होता.

ती शांतपणे ताटल्या गोळा करत होती. म्हणाली, "पाहुण्याले खारं पानी देत असते का कोनी?"

"तो पाहुणा होता का? आपण तक्रार कराले बोलावला होता त्याले."

"बोलावला म्हंजे पाहुनाच झाला ना." मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "तुमी बी तर तेच पेता ताई. इतके दिवस येऊन राहिल्या तुमी. तुमाले एकदा तरी खारं लागलं काय?"

मी शाळेचं पाणी मोजलं होतं. खारटपणा मोजायचं पेनासारखं एक यंत्र मिळतं, ते माझ्या पर्समध्येच असतं. आकडा मला पाठ होता. पण ते पाणी मी प्यायले नव्हते. मलाही पहिल्या दिवसापासून पाहुण्याचंच पाणी मिळत होतं. स्वतःची चूक दिसली की माझा आवाज वाढतो. तो वाढला. मग मी बस पकडली.

या भागात हे असंच आहे. घरात गोडं पाणी मोजकं असतं. सून खारं पिईल, सासू खारं पिईल, पण दारात माणूस आला की त्याच्यासाठी झाकून ठेवलेला तांब्या निघतो. पाहुण्यापुढे खारं पाणी ठेवलं तर ते घर चार गावांत बदनाम होतं. सोयरीक मोडल्याच्या गोष्टी सांगतात. म्हणजे तपासणीला जो कोणी येतो तो या गावातून गोडं पाणी पिऊन जातो. खारं पाणी कसं लागतं हे ज्यांनी ठरवायचं त्यांनाच ते कधी मिळत नाही.

रस्त्यात अनिकेतचा फोन आला. मीटिंग झाली का, फोटो पाठवा म्हणाला. मी सांगितलं, साहेब नाही म्हणून गेले.

"पण ताई, प्रोसेस तर पूर्ण झाली ना? ठराव, अर्ज, अधिकाऱ्यांची भेट. रिपोर्टमध्ये आपण 'कम्प्लीट' दाखवू शकतो."

"प्रोसेसनं पोरीचं पोट दुखायचं थांबत नाही."

तो समजुतीच्या सुरात म्हणाला की यंदा अजून पुष्कळ गावं बाकी आहेत, एकाच गावात किती अडकायचं. मी म्हटलं, गिऱ्हाईक दारातून परत गेलं म्हणजे सौदा संपत नाही, जिन्यापर्यंत मागे जावं लागतं. हे वाक्य पुस्तिकेत आहे का, असंही विचारलं. तो म्हणाला, आवाज कट होतोय.

आठवड्यानं सलीमभाई आणि शोभाताईला घेऊन मी अकोल्याच्या ऑफिसात गेले. शोभाताई माझ्याशी बसमध्ये फारसं बोलली नाही. तिकीट मात्र तिनंच काढलं. आत गेल्यावर मी दाराशी उभी राहिले आणि ते दोघं टेबलापुढे गेले.

सलीमभाईनं सलाम केला आणि श्वास न घेता म्हणाला, "साहेब, शाळेच्या टायमाले एकदा परत या. तुमी पेलं ते पानी शाळेचं नव्हतं, घरचं होतं."

उपअभियंता साहेब माणूस वाईट नव्हते. नगरकडचे, नुकतेच बदलून आलेले. ते हसले. "आता असं म्हणता. आणि मी परत आलो की मीठ टाकलेला ग्लास पुढे ठेवाल. मला काय माहीत नाही का हे?"

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात जवळपास तेच होतं. मीठ टाकायचं नव्हतं, पण टाकीचा ग्लास भरून टेबलावर ठेवायचा होता. साहेबांनी तोही रस्ता बंद केला. आता ग्लास ठेवला असता तर तो बनाव वाटला असता.

"बघू," साहेब म्हणाले आणि फाइल ओढली.

शोभाताई जागची हलली नाही. "कधी बघता, साहेब?"

साहेबांनी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. मागच्या रविवारी शिवायला टाकलेले कपडे कधी देता असं एखाद्या गिऱ्हाइकानं तिला विचारावं, तसं तिनं विचारलं होतं. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. शुक्रवारी दुपारी तुमच्याच रस्त्यानं पुढच्या गावाला जायचं आहे, दहा मिनिटं थांबतो म्हणाले. सलीमभाईनं लगेच अर्जावर तारीख लिहून पोच घेतली. दाराशी उभ्या उभ्या मला बरं वाटलं. ते मी कोणाला दाखवलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सलीमभाईच्या दुकानासमोर आम्ही बसलो. मी माझा बेत मांडला. साहेबांच्या डोळ्यांदेखत टाकीची तोटी सोडायची, ग्लास भरायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा. बनाव म्हणायची सोयच नको.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण म्हणाली, तोटी सोडायचं काम ती करेल, पण ग्लास हातात देणार नाही. दुसरी म्हणाली, तिची सासू शाळेजवळून जाताना पाहील. शोभाताई म्हणाली, "जीव गेला तरी मी माणसाच्या हाती खारा ग्लास नाई देणार."

"मग पाठवा पोरीले धामणगावले," मी म्हटलं.

हे मी बोलायला नको होतं असं सलीमभाई नंतर म्हणाला. मला अजूनही वाटतं की कोणीतरी ते बोलायला हवं होतं. शोभाताईच्या हातातला धागा थांबला. ती बसल्या बसल्या कोणाचंतरी ब्लाउज शिवत होती. तिनं आणखी चार टाके घातले. मग तिनं विचारलं, "साहेब किती वाजता येनार म्हने?"

"एकच्या सुमाराले."

"म्हंजे खिचडीच्या टायमाले." तिनं धागा दातानं तोडला. "तुमी साहेबाले आना. पान्याचं मी पाहीन."

मी विचारलं काय पाहशील, तर सांगेना. बाया हसल्या. मला हे आवडलं नाही. काय चाललं आहे ते मला माहीत नसलं की मला काहीच आवडत नाही.

शुक्रवारी साहेबांची गाडी आली तेव्हा व्हरांड्यात पोरांची पंगत बसत होती. शाळेत दुपारी खिचडी असते. रोज ती खाऱ्या पाण्यातच शिजते, म्हणून डाळ अख्खी राहते. त्या दिवशी साहेब येणार म्हणून स्वयंपाकवाली घरून गोडं पाणी आणणार होती, पण शोभाताईनं तिला परत पाठवलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एकच दिसलं: दाराजवळ स्टुलावर ठेवलेला पितळी तांब्या, त्यावर झाकण, शेजारी स्वच्छ ग्लास. पाहुण्याचं पाणी. माझं डोकं सरकलं. मी पुढे जाणार तोच मुख्याध्यापकांनी मला "बसा ताई" म्हणून अडवलं. त्यांनाही काहीतरी ठाऊक होतं असं वाटतं.

त्यांनी साहेबांसाठी खुर्ची आणली होती. शोभाताई पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, लेकरं बसले आहेत. दोन घास त्यांच्यासंगं खाऊन जा."

साहेब म्हणाले जेवण झालंय. ती म्हणाली, जेवणाचं नाही, लेकरांना बरं वाटेल. पोरं टकामका बघत होती. साहेबांनी बूट काढले आणि जरा कष्टानं मांडी घातली. जागा गायत्रीच्या शेजारची होती. ती जागा कोणी ठरवली ते मी कधी विचारलं नाही.

एका टोकाकडून बाया खिचडी वाढत आल्या. मागून एक बाई टाकीत बुडवलेला जग घेऊन ग्लास भरत येत होती. तेवढ्यात सलीमभाईचा हात सवयीनं स्टुलाकडे गेला. त्यानं तांब्या उचलला आणि साहेबांकडे निघाला. त्याची यात काही चूक नव्हती. पाहुणा खाली बसला, हात धुतले, आता पाणी द्यायचं, हे त्याच्या अंगातच होतं.

"सलीमभाई," शोभाताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "पंगतीत एकाले एक अन् दुसऱ्याले एक, असं नाई वाढत आपल्यात."

सलीमभाई थांबला. त्यानं हातातल्या तांब्याकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बराबर हाय. आमच्या दस्तरखानावर बी नाई चालत." आणि तांब्या परत स्टुलावर ठेवून दिला.

जगवाली बाई साहेबांपर्यंत आली. तिनं गायत्रीचा ग्लास भरला, साहेबांचा भरला आणि पुढे गेली. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही, पण तिचा हातही थांबला नाही.

साहेबांनी दोन घास खाल्ले. डाळ दाताखाली आली असावी, कारण त्यांनी चावणं हळू केलं. मग ग्लास उचलून मोठा घोट घेतला. घोट तोंडातच राहिला. थुंकायला जागा नव्हती. समोर पंगतभर पोरं बघत होती. कोणीतरी फिसकन हसलं आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. साहेबांनी डोळे मिटून तो घोट गिळला.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी गायत्रीचा भरलेला ग्लास पाहिला. "तू नाही पीत?"

"घरी गेल्यावर पेईन," गायत्री म्हणाली.

"शाळा किती वाजता सुटते?"

तिनं सांगितलं. साहेबांनी हिशेब केला असावा. त्यांनी पंगतभर नजर फिरवली. बहुतेक ग्लास तसेच भरलेले होते. पोरं खिचडी खात होती आणि पाण्याला कोणी हात लावत नव्हतं.

पंगत उठेपर्यंत साहेब बसून राहिले. मग हात धुऊन शोभाताईजवळ आले. आवाजात थोडा राग होता, पण तो कोणावर ते कळत नव्हतं.

"हे पाणी पहिल्या भेटीत का नाही दिलं मला? तेव्हाच विषय संपला असता."

शोभाताई म्हणाली, "तवा तुमी पाहुने होते, साहेब. आज पंगतीत बसले."

साहेबांनी बूट घातले. ते टाकीपाशी गेले, बोअर पाहिला, नाल्यावर उभं राहून गावाकडून पाइप कुठून आणता येईल ते पायानं मोजलं. दहा मिनिटांचे साहेब ऊन उतरेपर्यंत थांबले. जाताना त्यांनी स्टुलावरच्या तांब्यातलं पाणी मागितलं नाही. सलीमभाईनं दिलं तरी घेतलं नाही.

दिवाळीआधी यादी गेली, त्यात या शाळेचं नाव होतं. पाणी मात्र दिवाळीला आलं नाही. यादीत नाव येणं आणि नळाला पाणी येणं यात बरंच अंतर असतं आणि त्या अंतरात ठेकेदार राहतो. त्यानं नाल्याजवळ चर खणून ठेवला आणि गायब झाला. समितीनं त्याच्यासाठी वेगळा ठराव केला, पोच घेतली, दर सोमवारी कोणीतरी अकोल्याला फोन करायचं ठरवलं. मला त्यात काही करावं लागलं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, ताई, तुमी दुसऱ्या गावाचं पाहा. हे ऐकायला मला इतके महिने राबावं लागलं होतं, तरी ते झोंबलंच.

गायत्री धामणगावला गेली नाही. तिची बॅग भरलेली होती, ती शोभाताईनं दिवाळीनंतर रिकामी केली. यादीत नाव आल्यावर सलीमभाईनं ठरवलं होतं की पाइप येईपर्यंत त्याच्या मोटरसायकलवर रोज गोड्या पाण्याचे दोन कॅन शाळेत यायचे. ज्या घरी नळाचं पाणी उरेल त्यांनी ते भरून द्यायचे. गावात नळाचं पाणी लांबलं त्या दिवसांतही कॅन येत राहिले.

उन्हाळ्याच्या तोंडावर नळ आला. साहेब आले, या वेळी खुर्चीवर बसले. नारळ फुटला. शोभाताईनं शाळेच्या नळाखाली ग्लास धरला, भरला आणि ताटलीत ठेवून त्यांच्यापुढे नेला. साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे पाहुण्याचं की पंगतीतलं?"

"आता एकच हाये, साहेब," ती म्हणाली.

पुढची गोष्ट मी न लिहिलेलीच बरी, पण राहवत नाही. हा प्रसंग मी रिपोर्टात लिहून पाठवला. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत त्याचं प्रकरण झालं. त्याला 'प्रत्यक्षानुभव पद्धत' असं नाव पडलं. शोभाताईचं नाव 'एक महिला पालक' झालं, माझं अजूनही शेवटच्या पानावर सहकाऱ्यांत आहे. ते वाचून दुसऱ्या जिल्ह्यात एका प्रशिक्षकानं अधिकाऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि गढूळ पाण्याचा ग्लास हातात दिला. अधिकारी उठून गेले आणि त्या गावाचं काम वर्षभर मागे पडलं. अनिकेतनं मला फोन करून विचारलं की आपल्याकडे जमलं ते तिकडे का नाही जमलं. मी म्हटलं, माझं नाव मुखपृष्ठावर घाल, मग सांगते. तो म्हणाला, बघू.

मी विचारलं, कधी बघतोस?

उत्तर अजून आलेलं नाही. मी मागणं सोडलेलंही नाही.

आता मी अचलपूरकडच्या गावांत काम करते. तिकडचं पाणी वेगळं, माणसं तीच. नव्या गावात गेले की आधी शाळा पाहत नाही, रजिस्टर मागत नाही. कोणाच्यातरी ओट्यावर बसते. पाणी येतं, ते पिते. मग विचारते, हे पाणी कुठलं? आणि शाळेत पोरं पितात ते कुठलं? दोन उत्तरं वेगळी आली की त्या गावात काम आहे असं समजते. त्यानंतर शाळेत जाते आणि काही मोजायच्या आधी दुसरं पाणी पिऊन पाहते.